बांधावरचा सुगत

वादळ झालं की जो तो माझ्याकडं झाडं कापायचं कटर मागायला येतो, आणि जो तो घाईत असतो. मला घाईवाल्या माणसाचा लई राग येतो. पडलेलं झाड मेलेलं नसतं. ते कुठं ताणलंय, कुठं दाबलंय, कोणत्या मुळीनं अजून जमीन धरून ठेवलीय, हे बघितल्याशिवाय त्याला पातं लावलं, की ते माणूस मारतं. पण सांगायचं कुणाला? सगळ्यांना आत्ताच्या आत्ता रस्ता पाहिजे.

मी आसिफ. जळकोटला आमचं लाकडं चिरायचं आरा मशीन आहे. अब्बांनी, म्हणजे खाजामियाँनी, टाकलेलं. घरात आम्ही दखनी बोलतो, मशीनवर मराठी, आणि कटर खोडात अडकलं की तोंडाला येईल ते. अब्बा आता खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडतात. त्या दिवशी सकाळी त्यांनी हुकूम सोडला, "तळ्याच्या वाडीला जा. लिंबाजीचं सागवान आडवं झालंय. लोक जेसीबी घालून त्याचा चुरा करतील. तू आधी पोच."

तळ्याची वाडी म्हणजे नावात तळं आणि गावात पाण्याचा थेंब नाही. वैशाखात तिथं टँकरनं पाणी येतं. आदल्या सांजेचं वादळही तसलंच, पाऊस नावाला आणि वारं मात्र पत्रे उडवणारं. गाव लातूर जिल्ह्याच्या अगदी कडेला. गावाचा रस्ता थोडा आमच्या जिल्ह्यात, थोडा नांदेडात. कंधारच्या अंगानं रस्ता मोकळा करत आलेलं रस्त्याचा ठेका घेतलेल्या गुत्तेदाराचं मशीन हद्दीच्या दगडापाशी थांबलं आणि माघारी गेलं. म्हणे, पुढचं काम आमचं नाही. अरे, झाड पडताना हद्द बघून पडलं का? असल्या माणसांना एक दिवस डोक्यावर घागर देऊन त्या रस्त्यानं चालवलं पाहिजे.

मी पोचलो तेव्हा जेसीबी आलेला होता. चालवणारा व्यंकट, मुखेडकडचा, ओळखीतला. त्याच्या मशीनपुढं उपसरपंच रामकिशन हातवारे करत उभा. आणि पुढं रस्त्यावर, बांधावरचं लिंबाजीमामांचं सगळं सागवान एका अंगाला झोपलेलं. माणसानं पोरासारखी वाढवलेली झाडं. खालच्या फांद्या वेळेवर छाटलेल्या, खोडं सरळ. अशी खोडं आमच्या भागात बघायला मिळत नाहीत.

"आसिफभाई, तू बाजूला हो," रामकिशन म्हणाला. "व्यंकट ढकलून देतो सगळं नाल्यात. दुपारी टँकर येणार हाय. वाडीत प्यायला पाणी न्हाई."

"आणि ह्या लाकडाचं?"

"लाकूड कुठं पळून चाललंय?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "रामकिशन, जेसीबीच्या ह्या दातांनी खोड ढकललं की ते उभं चिरतं. चिरलेलं सागवान म्हणजे जळण. मामांनी उभा जन्म घातलाय ह्यात. तुझ्या घरावर झाड पडलं असतं तर घरही ढकलून दिलं असतं का नाल्यात? मी कापतो, व्यंकट उचलून बांधावर रचतो. रस्ताही मोकळा होईल आणि लाकूडही राहील. गडबड करायची असली तर मी हा चाललो."

व्यंकट हसला आणि त्यानं मशीन बंद केलं. त्यालाही तेच पटत होतं, पण बोलायची चोरी.

लिंबाजीमामा बांधावर बसले होते. हातात काठी, गुडघ्यांनी केव्हाच दगा दिलेला. मी जय भीम घातला. त्यांनी मान हलवली. अब्बांची आणि त्यांची जुनी ओळख. पूर्वी बाभळीची लाकडं बैलगाडीत घालून आमच्याकडं यायचे. हे सागवान त्यांनी लावलं तेव्हा लोक हसले होते, की ज्वारीचं रान सोडून हा लाकूड पेरतोय.

"तलाठ्याला नुकसानीचे फोटो पाठवले, मामा?"

"आमच्या लेकीनं, लुंबिनीनं पाठीवले फोनवरनं. नायगावला हाय ती, सासरी. तिनंच सांगितलं फोटो कसे काढायचे." मग जरा थांबून म्हणाले, "आसिफ, सगळं काप. फकस्त वळणावरचं ते शेवटचं झाड हाय ना, त्याला आत्ता हात लावू नको."

मी वळणाकडं बघितलं. शेवटचं झाड बाकीच्यांपेक्षा बारीक होतं, कोवळं होतं. तेही आडवंच, रस्ता पूर्ण अडवून. आणि त्याच्या खोडाला टेकून नागुबाईमामी बसल्या होत्या. डोक्यावर पदर, नजर जमिनीत.

"त्याला काय झालंय?"

"ते सुगतचं हाय," मामा म्हणाले.

सुगत म्हणजे त्यांचा पोरगा. कॉलेजात होता. मोटारसायकलीवर घरी येताना ट्रकनं उडवला. एवढं मला माहीत होतं, मयतीला अब्बा गेले होते. पुढचं मामांनी तेव्हा सांगितलं. ह्या बौद्ध लोकांत आता बरेच जण राख नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा घेतात, त्यात राख टाकतात आणि वर झाड लावतात. सागवानाच्या ओळीत वळणावरचं एक रोप जळून गेलं होतं, जागा रिकामी राहिली होती. शेतकरी त्याला नांगा म्हणतात. तो नांगा भरून काढायचं काम मामांनी सुगतलाच सांगितलं होतं, आणि तो आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला. शेवटी त्या नांग्यात तोच गेला. त्याची राख घातली आणि वर सागाचं रोप लावलं.

"ती रोज सकाळी हितं येती," मामा म्हणाले. "त्याच्यासंगं बोलती. भाजी काय केली ते सांगती. बहिणीला पोरगं झालं तेबी सांगितलं. मी कधी आडवलं न्हाई."

मी कटर उचललं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन कामाला लागलो.

काम चांगलं झालं. एकेक खोड बघत गेलो. आधी दाबाच्या अंगानं चीर घेतली, मग ताणाच्या अंगानं तोडलं. शेंडे वेगळे, फांद्या वेगळ्या, सरळ ओंडके वेगळे. व्यंकटनं साखळी लावून ओंडके असे अलगद बांधावर ठेवले की मला त्याचं कौतुक वाटलं. मामांना जाऊन सांगितलं की सगळं नाही, पण बरंचसं लाकूड शाबूत आहे, वनखात्याचा परवाना झाला की मशीनवर आणू. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांचं सगळं ध्यान वळणाकडं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा रस्त्यावर एकच झाड उरलं होतं. सुगतचं.

तेवढ्यात पलीकडं टँकर येऊन थांबला. डायव्हरनं हॉर्न दिला. तो आवाज ऐकून वाडीतनं बायका घागरी, कळश्या, तेलाचे रिकामे डबे घेऊन आल्या आणि झाडाच्या अलीकडं थांबल्या. सगळ्यांना ते झाड कुणाचं आहे ठाऊक. एक म्हातारी तर नुसती नागुबाईकडं बघून पदरानं डोळे पुसायला लागली. पण घागरी रिकाम्या होत्या आणि पाणी पलीकडं होतं.

"आता काय करायचं?" रामकिशननं मला बाजूला घेऊन विचारलं. आवाज उतरला होता त्याचा. "मी सकाळपास्नं तीनदा जाऊन आलो मामीकडं. तोंडातनं शब्द काढीना. ढोरं वरडून राहिलीत रे. डायव्हर म्हनतो, दुसऱ्या गावाला जायचंय, थांबत न्हाई."

व्यंकट म्हणाला, "मुळासकट उचलून शेतात ठेवतो ना. कापायचंच कशाला?"

"मुळासकट उचललंस तर अख्खा खड्डा उघडा पडेल," मी म्हटलं. "आणि खड्ड्यात काय आहे माहीत आहे ना तुला?"

त्यानं साखळी गुंडाळून ठेवली.

मी झाडापाशी गेलो. मामा काठी टेकत मागं आले. झाडाच्या मुळ्या एका बाजूनं मातीसकट उपटून उभ्या राहिल्या होत्या, माझ्या छातीएवढी भिंतच. भिंतीच्या मागं उघडा पडलेला खड्डा. दुसऱ्या बाजूच्या मुळ्या मात्र जमिनीत घट्ट होत्या, हिरव्या. झाड जिवंत होतं.

"मामी," मी उकिडवा बसलो. "ऐकता का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आसिफ, उभं कर ना बाबा त्याला. दोऱ्या लाव, टेकू लाव. तुला येतं सगळं."

खोटं बोलावंसं वाटलं. पण ह्या धंद्यात खोटं बोलून चालत नाही, झाड दुसऱ्या महिन्यात सांगून टाकतं.

"उभं केलं तर वाळेल, मामी. अर्ध्या मुळ्या तुटल्यात, वर एवढा भार आहे, अर्ध्या मुळ्या त्याला पाणी पाजू शकणार नाहीत. पण कमरेएवढं ठेवून वरचं कापलं, तर राहिलेल्या मुळ्यांना बुंधा जगवता येतो. साग आहे हा. बुंध्यातनं फुटतो."

"कापायचं म्हंजे पुन्ना..." पुढचं मला कळलं.

मामा माझ्याकडं वळले. "आन ह्या उघड्या खड्ड्याचं?"

मी हातानं दाखवलं. पंजा उभा धरला, मग खाली पाडला. "वरचं वजन गेलं की ही मुळ्यांची भिंत आपोआप मागं जाते आणि खड्ड्यात बसते. जिथनं उठली तिथंच. राख, माती, सगळं आतल्या आत. फक्त त्या वेळी खड्ड्यात कोणी नको. माझा एक चुलता असाच पाय घालवून बसलाय. आत मांजर असलं तरी चेंदा होतो."

नागुबाई ऐकत होत्या. "खड्डा बंद होतो?"

"होतो."

"पुन्ना उघडत न्हाई?"

"नाही मामी."

त्या उठल्या. खोडावरून एकदा हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि म्हणाल्या, "काप."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला, कबूल करतो. रामकिशन बायकांना मागं सारायला लागला. व्यंकटनं मशीन सुरू केलं. मामा ओंडक्यावर बसले. मी कटरची साखळी तपासली, बिस्मिल्ला म्हटलं आणि पातं लावलं. धूर, आवाज, भुसा. कापताना मला आजूबाजूचं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. वरून चीर घेतली, खोड जरासं वाकलं, कुरकुरलं. अर्ध्याच्या पुढं गेलो आणि कटर बंद केलं.

अब्बांचा नियम आहे. शेवटचा घाव घालण्याआधी मशीन बंद करायचं आणि झाडाभोवती एक फेरी मारायची. किती का घाई असेना. लहानपणी मी त्या फेरीला कंटाळायचो, आता पायच आपोआप निघतात. मुळ्यांच्या भिंतीला वळसा घातला.

नागुबाई खड्ड्यात बसल्या होत्या. पाय पोटाशी घेऊन, दोन्ही तळवे मातीवर टेकवून. डोक्यावर पदर नीट ओढलेला. कुठं पडल्या नव्हत्या, घसरल्या नव्हत्या. जागा करून बसल्या होत्या.

"मामी!" मी असा ओरडलो की टँकरचा डायव्हर खाली उतरून आला. "बाहेर या! आधी बाहेर या! डोकं फिरलंय का तुमचं?"

"तू काप."

"काय काप? मी आत्ता कापलं असतं! तुमचा चेंदा झाला असता! माझ्या हातानं! समजतंय का काही?"

"तूच म्हनला ना, आतलं आत राहतं," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाची मला लई भीती वाटली. "इतकी वर्सं मी हितं येऊन त्याच्यासंगं बोलून राहिले. वर पानं हालायची, मला वाटायचं ऐकतोय. आता वरचं तू घेऊन जानार, आन खालचं बंद करनार. मी भाईर राहून कुनासंगं बोलू?"

वर खोड पुन्हा कुरकुरलं. भिंतीतनं मातीची ढेकळं सुटून त्यांच्या खांद्यावर पडली. मी अर्ध्याच्या पुढं कापलेलं होतं. खोड कोणत्याही क्षणी आपसूक तुटलं असतं, त्याला माझी गरज नव्हती.

"व्यंकट!" मी बोंबललो. "बकेट आण इकडं! भिंतीला लाव! हळू, हळू आण! ढकलू नको, नुसती धरून ठेव!"

व्यंकटनं काय ते ओळखलं. रस्त्यावरून मशीन वळवलं, त्याचा हात लांब केला आणि बकेट खड्ड्यावरून आणून मुळ्यांच्या भिंतीच्या आतल्या अंगाला टेकवली. भिंत थांबली. व्यंकटच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायलासुद्धा हात सोडत नव्हता.

मी खड्ड्यात उतरायला लागलो, तर कुणीतरी काठी आडवी घातली. लिंबाजीमामा.

"तू थांब," ते म्हणाले.

मला वाटलं समजावतील. रागावतील, रडतील, हाताला धरून ओढतील. त्यांनी त्यातलं काहीही केलं नाही. काठी बाजूला ठेवली. खड्ड्याच्या काठावर बसले, गुडघ्यांना हात लावून एकेक पाय आत सोडला आणि घसरत खाली गेले.

"सरक जरा," ते बायकोला म्हणाले.

नागुबाईंनी चमकून बघितलं. "तुमी कामून आलाव हितं?"

"पोरगं तुज्या एकटीचं व्हतं व्हय?"

जेसीबीची घरघर तेवढी चालू. मामा त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. गुडघे वाकेनात म्हणून एक पाय तसाच लांब ठेवला. आणि मान वर करून मला म्हणाले, "काप रे, आसिफ."

"मामा, येडे झाला का तुम्ही पण?"

"काप म्हनलं ना. तिचं ठरलं न्हवं? मग माजंबी ठरलं."

"उठा," नागुबाई म्हणाल्या.

"तू बसलीस की."

"माजं येगळं हाय. उठा तुमी. लुंबिनी सांजच्याला फोन करती. कोन उचलनार?"

"न्हाई उचलला तर कळंल तिला."

"आवो, असं काय बोलता? पोर हाय आपली! तिला कोन हाय दुसरं?" त्यांचा आवाज चढला. सकाळपास्नं पहिल्यांदा. "तिच्या लेकराला काय सांगंल ती? आजा-आजी कुठं गेले म्हनून सांगंल?"

"हेच की. खड्ड्यात जाऊन बसले, म्हनंल."

त्यावर नागुबाईंनी त्यांच्या खांद्यावर मूठ मारली. मग आणखी एक. मग दोन्ही हातांनी, छातीवर, दंडावर, लागेल तिथं. मामा गप मारून घेत होते. "तुमी रडला न्हाईत!" त्या किंचाळत होत्या. "त्याला हितं घातलं तवा तुमी खड्डा भरला आन टिकाव घेऊन घरी गेलाव! एक टिपूस काढलं न्हाई! मी एकटी रडले! एकटी येत राहिले! आन आता आलाव सोबतीला? आता?"

"आता आलो," मामा म्हणाले. "उशीर झाला."

एवढंच. त्यांचे डोळे कोरडेच होते. नागुबाईंचे हात थांबले. त्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. कितीतरी दिवसांत नवऱ्याकडं नीट बघितलं नसावं तशा. मग पदरानं नाक पुसलं, त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "चला, उठा."

"तू आधी."

"उठते ना. तुमी उठा म्हंजे मीबी उठते."

मामांनी प्रयत्न केला. उठवेना. "गुडघा धरलाय," ते म्हणाले.

"बसताना धरला न्हाई व्हय तुमचा गुडघा?" त्या कडाडल्या. "म्हाताऱ्या मानसानं असल्या जागी उतरावं का? चांगलं कळतंय ना? द्या हात हिकडं. आसिफ, बघत काय बसलास, वढ की!"

मी आणि रामकिशननं मामांना वर ओढलं. मागनं नागुबाई ढकलत होत्या आणि तोंडानं बोलत होत्या, सारखं बोलत होत्या. मामा काठावर आले तसे त्यांनी वळून आपला हात खाली केला. त्यांच्यात कसला जोर? पण नागुबाईंनी तोच हात धरला आणि त्या वर आल्या. माझा हातही पुढं होता. तो त्यांनी घेतला नाही.

मी दोघांना लांब नेऊन बसवलं. रामकिशनला म्हटलं, इथनं हलायचं नाही, आणि दोघांना हलू द्यायचं नाही. पुन्हा खड्डा बघितला. अजून एकदा बघितला. कटर जमिनीवर ठेवून पाणी मागितलं, तर पाणी कुणाकडं होतं? मग शेवटचा घाव घातला. वरचं खोड धाडकन रस्त्यावर पडलं. व्यंकटनं बकेट बोट बोट मागं घेतली, आणि तिच्याबरोबर मुळ्यांची भिंतही हळूहळू मागं गेली, अगदी हळू, आणि खड्ड्यात बसली. जमिनीतनं एक जड आवाज आला. मग वळणावर फक्त कमरेएवढा बुंधा उभा होता, सरळ, आणि त्याच्याभोवती मातीला एक गोल भेग.

नागुबाई उठून आल्या. मी आडवणार होतो, पण मामांनी नको म्हणून मान हलवली. त्या बुंध्याभोवती फिरल्या आणि अनवाणी पायानं ती भेग दाबत गेल्या, रोप लावल्यावर माती दाबतात तशी. तोंडानं काहीतरी बोलत होत्या. काय ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच.

खोड बाजूला झालं, टँकर पुढं वाडीच्या तोंडाशी गेला, बायका त्याच्यामागं पळाल्या. मामांनी कुणाची तरी कळशी उचलली आणि निघाले. नागुबाईंनी ती हातातनं हिसकली. "तुमच्यानं भरली कळशी उचलंल का? बसा गप हितं." आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांगेतल्या बायकांनी त्यांना पुढं जा म्हटलं. त्या गेल्या नाहीत, आपल्या नंबराला थांबल्या.

मी कटर पुसत होतो. व्यंकट मशीनच्या सावलीत आडवा झाला होता. मामा माझ्या शेजारी ओंडक्यावर टेकले. मला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. म्हटलं, "मामा, काय डोकं लढवलं हो तुम्ही. तुम्ही उतरला नसता तर मामी काय बाहेर आल्या नसत्या. मी तर घाबरूनच गेलो होतो. पण तुम्ही बरोबर नस पकडली."

मामा रांगेकडं बघत होते. नागुबाई कळशी कमरेवर घेऊन एकेक पाऊल पुढं सरकत होत्या.

"आसिफ," ते म्हणाले, "मी डोकं न्हाई लढवलं."

मला आधी कळलं नाही.

"ती उठली म्हनून मी उठलो. मी खोटं बसलो नव्हतो, बाबा."

आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. आवाज आला नाही. मी कटर खाली ठेवलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ मला आतनं हादरत असलेली जाणवत होती. पलीकडनं नागुबाईंनी एकदा वळून बघितलं. कळशी भरली होती, टँकरवाल्यानं नळी पुढच्या घागरीत धरली. त्यांनी भरलेली कळशी तिथंच जमिनीवर ठेवली, लोकांच्या पायांत, आणि मामांकडं पळत सुटल्या.